कमी वैरणीत तेवढेच दूध देणारी गाय कॅमेरा कशी ओळखतो?

प्रश्न : आमच्या गोठ्यात दोन संकरित गायी आहेत. दोघींनाही सारख्याच मापाने मकवान, कडबा आणि सरकीची ढेप टाकतो. दूधही जवळपास सारखेच. पण एक गव्हाणीत रोज शिल्लक टाकते, दुसरी सगळे चाटूनपुसून खाते. परदेशात कॅमेरे लावून कमी खाणाऱ्या गायींची पैदास करतात असे ऐकले. हे कसे जमते? आपल्याला त्याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, अजिंठा (ता. सिल्लोड)

उत्तर : तुमची नजर नेमक्या जागी गेली आहे. दूधधंद्यातला साठ-सत्तर टक्के खर्च वैरण आणि ढेपेवर होतो. तरीही वळूची निवड आजवर मुख्यतः त्याच्या मुलींच्या दुधावरून होत आली. दूध मोजणे सोपे आहे. पण एकाच गव्हाणीला दहा जनावरे असली, की कोणी किती खाल्ले हे सांगणे अवघड.

ही अडचण डेन्मार्कमध्ये कॅमेऱ्याने सोडवली. तिथल्या ‘व्हायकिंग जेनेटिक्स’ या पैदास संस्थेने गव्हाणीच्या वर त्रिमितीय कॅमेरे टांगले. हा कॅमेरा रंगाबरोबर अंतरही मोजतो. गायीच्या पाठीची ठेवण आणि अंगावरचे ठिपके यांवरून तो गाय ओळखतो. तिच्यापुढचा वैरणीचा ढीग खाण्याआधी किती उंच होता आणि नंतर किती उरला, यावरून तिने काय खाल्ले त्याचा अंदाज बांधतो. पाठीच्या आकारावरून वजनही काढतो. प्रयोगशाळेत मोजक्या गायी बांधून हे मोजण्याऐवजी साध्या गोठ्यांतल्या हजारो गायींची नोंद मिळते, हे त्याचे मोठेपण. मग वळूच्या मुली किती चारा वाचवतात हे पाहून त्या वळूला गुण दिले जातात.

मात्र इथे एक मोठी सावधगिरी आहे. कमी खाणारी गाय आपोआप चांगली ठरत नाही. अंगाने लहान किंवा आजारी गायही कमीच खाते. व्यायल्यावर पुरेसे न खाणारी गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते, खंगते आणि वेळेवर माजावर येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये वेगळा हिशेब सुचवला : वजन आणि वाढ पाहता जनावराने किती खायला हवे ते आधी काढायचे, मग प्रत्यक्षात किती खाल्ले ते पाहायचे. दुभत्या गायीसाठी त्यात दूधही धरतात. अपेक्षेपेक्षा कमी खाऊनही काम तेवढेच करणारे जनावर खरे किफायतशीर. हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, म्हणून त्यावर निवड करता येते.

मांसासाठी पाळलेल्या जनावरांत प्रतिमा दुसऱ्या बाजूने उपयोगी पडते. मांसात तीन चतुर्थांश पाणी असते, चरबीत फार थोडे. त्यामुळे एक किलो चरबी साठवायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त खाद्य लागते. ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या कंबरेवर सोनोग्राफी करून मांस व चरबीची जाडी मोजतात, आणि निवडक नरांचे सीटी स्कॅन करतात. नॉर्वेत वराहांचेही असेच स्कॅन होते. जनावर न कापता आतला हिशेब कळतो.

आपल्याकडे? रानात चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीने किती खाल्ले, हे गव्हाणीवरचा कॅमेरा सांगणार नाही. दोन-चार गायींच्या गोठ्यात तो परवडणारही नाही. त्याची खरी जागा वळूंच्या निवडीत आहे. एका वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा हजारो गोठ्यांत जातात. आपल्या जिल्ह्यात हर्सूललाही अशा रेतमात्रा तयार करणारी प्रयोगशाळा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ या जनुकीय चाचण्यांचे लोकार्पण झाले. पण चिप फक्त जनुके वाचते. कोणत्या जनुकांची गाय चारा वाचवते हे तिला शिकवायला खऱ्या गायींच्या खाण्याच्या नोंदी लागतात. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या देशी जातींसाठी अशा नोंदी सरकारी पैदास प्रक्षेत्रांवर व्हायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. परदेशी होल्स्टिनचे गुण आपल्या कडब्यावर जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

तोवर तुमच्या गायींचा निकाल वजनकाटा आणि फीत यांवर लावा. छातीचा घेर इंचांत मोजा, घेराला घेराने आणि मग खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, ६६० ने भागा. अंदाजे वजन किलोत मिळेल. घेर ६६ आणि लांबी ६० इंच असेल तर ३९६ किलो. दोघींना टाकलेली आणि उरलेली वैरण आठवड्यातून एक दिवस तोलून वहीत लिहा, शेजारी दूध लिहा. शिल्लक टाकणारीचे वजन टिकून असेल, ती वेळेवर माजावर येत असेल आणि दुधातही मागे नसेल, तर तिची कालवड विकू नका. वजन घटत असेल तर आधी पशुवैद्यकाला दाखवा.