पिंपळ रंगवताना

सांचीच्या तोरणांवर तथागत मानवी रूपात दिसत नाहीत. बोधिवृक्ष आणि त्याखालचे रिकामे आसन हीच त्यांची खूण. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना वृक्षचित्रण शिकवताना पिंपळापासून आरंभ करतो.

पंढरपूरच्या उन्हातला पिंपळ आधी नीट न्याहाळावा. त्याचे खोड करडे असते. बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन निळा व पांढरा यांच्या मिश्रणातून तो रंग साधतो. सावलीकडे निळा वाढवावा. फांदी फुटते तेथे मूळ जाडी फाट्यांत वाटली जाते, ही नोंद लिओनार्दो दा विंचीने केली आहे. ती पाळली की फांद्या खोडातून उगवलेल्या वाटतात. सालीचा खडबडीतपणा कोरड्या ब्रशने उमटवावा.

अ‍ॅक्रिलिक रंग लवकर वाळतो आणि वाळताना किंचित गडद होतो. म्हणून तो थोडाच काढावा, जरा उजळ ठेवावा. पानांचे पुंजके आधी गडद, मग उजळ रंगवावेत. मधून आभाळ दिसू द्यावे. लांब देठांची, निमुळत्या टोकांची मोजकी पाने अखेरीस काढावीत.

तपकिरी दांडा आणि हिरवा गोळा प्रत्येक मुलाला पाठ असतो. पाठ झालेले बाजूला ठेवून समोरचे जसे आहे तसे पाहणे, यालाच धम्मात यथाभूत दर्शन म्हणतात. ही सवय चित्रवहीपुरती राहू नये, एवढीच आमची इच्छा.