यंत्राचें उत्तर आणि घरचा हिशेब

आपल्यापैकीं कोणाचे आप्त ब्रिटनमध्यें वस्ती करून असतील, तर हा पाठ त्यांच्या विशेष कामाचा आहे. त्या देशांत अल्प मिळकतीच्या कुटुंबांस सरकारांतून जें मासिक साह्य मिळतें त्यास युनिव्हर्सल क्रेडिट म्हणतात. सन २०१२ च्या कायद्यानें तें ठरलें व २०१३ पासून तें देण्यास आरंभ झाला. आपणांस किती रक्कम मिळेल हें अर्जापूर्वीं कळावें म्हणून इंटरनेटवर हिशेब करून देणारे कॅल्क्युलेटर आहेत. टर्नटूअस, एन्टायटल्डटू व पॉलिसी इन प्रॅक्टिस ह्यांचे विशेष प्रसिद्ध आहेत. ते फुकट व उपयुक्त आहेत ह्यांत संशय नाहीं. परंतु त्यांचें उत्तर कोठें चुकतें हें समजल्यावांचून त्यावर भार टाकूं नये.

१. महिना आणि चार आठवडे

युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब महिन्याचा आहे. हातीं आलेल्या पगारांतील दर पौंडामागें ५५ पेन्स साह्यांतून कापले जातात. हा दर नोव्हेंबर २०२१ पासून आहे. त्यापूर्वीं तो ६३ पेन्स होता. मुलें असलेल्या किंवा आजारामुळें काम करण्यास असमर्थ ठरलेल्या कुटुंबांस पगाराच्या कांहीं भागावर सूट असते.

आतां असें समजा कीं, सूट लागू नसलेल्या एका मनुष्यास दर चार आठवड्यांनीं ८०० पौंड पगार मिळतो. वर्षांत असे १३ पगार होतात. म्हणून यंत्र मासिक सरासरी ८६६ पौंड ६७ पेन्स धरतें. सरासरी बरोबर आहे, तथापि ती कोणत्याच महिन्यास लागू पडत नाहीं! अकरा महिने एकच पगार येतो, म्हणून साह्य यंत्राच्या उत्तराहून सुमारें ३७ पौंडांनीं अधिक मिळतें. बाराव्या महिन्यांत दोन पगार पडतात, आणि साह्य सुमारें ४०३ पौंडांनीं कमी होतें. ज्यानें अकरा महिन्यांची वाढ खर्चून टाकली, त्याला त्या महिन्याचें घरभाडें कोठून द्यावें हा प्रश्न पडतो.

महिन्याच्या अखेरीस पगार मिळणाऱ्यांचीही अशीच अडचण होती. सुटीमुळें पगार एक-दोन दिवस आधीं आला कीं एकाच हिशेबांत दोन पगार धरले जात. चार मातांनीं ह्याविरुद्ध दाद मागितली, व जून २०२० मध्यें अपील कोर्टानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नियम सुधारला. मात्र ती सुधारणा दरमहा पगार घेणाऱ्यांपुरतीच आहे. चार आठवड्यांच्या पगाराला ती लागू नाहीं.

२. साठविलेला पैसा

६,००० पौंडांपर्यंतची शिल्लक हिशेबांत धरीत नाहींत. त्यापुढें दर २५० पौंडांस, किंवा त्याच्या अंशासही, महिना ४ पौंड ३५ पेन्स मिळकत आहे असें मानितात. म्हणजे ६,३०० पौंड शिल्लक असतां दोन भाग होऊन ८ पौंड ७० पेन्स कमी होतात. १६,००० पौंडांच्या वर शिल्लक गेली तर साह्य मुळींच नाहीं. परदेशांतील जमीन किंवा घर हेंही सामान्यतः ह्यांत मोडतें. गांवाकडील शेतांतील आपला वांटा लिहिण्याचें राहून गेलें, तर यंत्र बिनचूक गणित करूनही खोटें उत्तर देईल.

३. ज्यांच्यासाठीं यंत्र नाहीं

विद्यार्थी, ब्रिटिश वा आयरिश नागरिक नसलेले, व कायमचे वृद्धाश्रमांत राहणारे, ह्यांस ह्या यंत्रांचें उत्तर बरोबर मिळेलच असें नाहीं. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या परवान्यावर गेलेल्यांवर बहुधा सरकारी साह्य न घेण्याची अट असते. यंत्रानें रक्कम दाखविली म्हणून अर्ज केला, तर परवान्यासच धोका पोंचतो.

४. चुकीचें मोल

कागदावरील चूक खोडतां येते. तिच्यावरून केलेली कृति पुष्कळदां परत फिरवितां येत नाहीं. टॅक्स क्रेडिट नांवाचें जुनें साह्य ५ एप्रिल २०२५ रोजीं बंद झालें. तें चालू असतां ज्यांनीं आपण होऊन युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला, त्यांचें जुनें साह्य संपलें; नवें कमी निघालें तरी त्यांस मागें जातां आलें नाहीं. उलटपक्षीं, यंत्रानें शून्य दाखविलें म्हणून हक्क असूनही अर्ज न करणारा मनुष्य मुकाट्यानें उपाशी राहतो.

तर काय करावें? पगाराची चिठी, भाडेपट्टी व बँकेचें पुस्तक समोर घेऊनच आंकडे भरावे. पगार किती दिवसांनीं मिळतो तें नीट लिहावें. दोन निरनिराळ्या यंत्रांवर हिशेब करून पाहावा. फरक पडल्यास कोणता प्रश्न वेगळा समजला गेला तें शोधावें. नोकरी, घर किंवा परवाना ह्यांस धक्का लागण्याजोगें असेल, तर जाणत्या सल्लागारास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. शेवटचा निर्णय सरकारी खात्याचा असतो. तो अयोग्य वाटल्यास एका महिन्याच्या आंत फेरविचार मागावा, व त्यानंतर न्यायाधिकरणाकडे अपील करावें.

विचारार्थ प्रश्न

१. सरासरी बरोबर असूनही ती कोणत्या महिन्यास लागू पडत नाहीं, व कां?
२. ६,६०० पौंड शिल्लक असणाऱ्याची मासिक मिळकत किती मानतील?
३. आपल्या ओळखींत यंत्राचें उत्तर पाहून अर्ज न करणारा कोणी आहे काय? त्याला आपण काय सांगाल?