अर्ध्या मिनिटाची जाहिरात : एक अनुभव, काही बोध

नभोवाणीवरील जाहिरात ऐकावयास जितकी सोपी, तितकीच ती तयार करावयास अवघड असते. विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून १ नोव्हेंबर १९६७ रोजी व्यापारी जाहिरातींचा प्रारंभ झाला आणि अनेक वस्तूंची नावे घरोघरी पोहोचली. हेच तंत्र लोकशिक्षणासाठी योजताना मात्र जबाबदारी वाढते. साबणाचे नाव श्रोत्याने चुकीचे ऐकले तर फारसे बिघडत नाही. औषधाचे प्रमाण चुकीचे ऐकले तर एखाद्या बालकाच्या जीवावर बेतू शकते.

एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयातील सहा विद्यार्थ्यांनी सामुदायिक रेडिओसाठी तीस सेकंदांची जाहिरात तयार केली. मार्गदर्शक म्हणून त्यांच्यासमवेत काम करण्याचा योग मला आला. विषय होता जलसंजीवनीचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व पाणी यांच्या द्रावणाने अतिसाराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. ही माहिती वाचून विद्यार्थी भारावून गेले होते.

पहिला आराखडा

त्या उत्साहात पहिली संहिता एकशे बारा शब्दांची झाली. तीत डॉ. महालनबीस होते, अतिसाराची कारणे होती, स्वच्छतेचा उपदेश होता आणि शेवटी घरगुती द्रावणाची कृती होती : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पार्श्वभूमीला ढोलकीचा ठेका होता. ध्वनिमुद्रण ऐकून सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मलाही ते आवडले, हे येथे नमूद केले पाहिजे.

श्रोत्यांची कसोटी

प्रसारणापूर्वी ती जाहिरात एका वस्तीवरील महिलांना ऐकवावी, असे ठरले. एकदा ऐकविल्यावर विद्यार्थ्यांनी "आवडली का?" असे न विचारता "आता तुम्ही काय कराल?" असे विचारले. ठेका सर्वांच्या लक्षात होता. परंतु एका तरुण मातेने उत्तर दिले, "सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर."

विद्यार्थी स्तब्ध झाले. एवढ्या मिठाने रक्तातील क्षार धोकादायक प्रमाणात वाढतात. दोष त्या मातेचा नव्हता. एकाच वाक्यात तीन पदार्थ व तीन मापे आली होती आणि नेमक्या त्याच ठिकाणी ढोलकी चढली होती. छापील मजकूर वाचकास पुन्हा पाहता येतो. हवेत विरलेला शब्द श्रोत्यास परत मिळत नाही.

दुसरी संहिता

परतल्यावर गटात बराच वाद झाला. कृती सावकाश सांगावी, असे काहींचे मत पडले. अखेरीस घरगुती कृती वगळून तयार पाकिटाचाच संदेश द्यावा, असे ठरले. तेथेही एक अडचण निघाली. दुकानात २०० मिलिलिटर पाण्यासाठीची लहान पाकिटेही मिळतात. म्हणून आशाताईंकडील, एक लिटरच्या पाकिटाचाच उल्लेख करण्यात आला. अंतिम संहिता अशी होती :

(बाळाचे क्षीण रडणे.)
सून : आत्याबाई, बाळाला सारखे जुलाब होताहेत. पाणी बंद करू का?
सासू : बंद नको करू गं! हे आशाताईंनी दिलेलं जलसंजीवनीचं मोठं पाकीट घे.
सून : किती घालू?
सासू : सगळं पाकीट, एक लिटर पाणी.
सून : सगळं पाकीट, एक लिटर पाणी.
निवेदक : घोट घोट पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ मलूल झालं, तर लगेच दवाखाना गाठा.

ढोलकी गेली; डॉ. महालनबीसही गेले. त्याच वस्तीवर पुन्हा विचारले असता सर्व महिलांनी माप अचूक सांगितले.

अनुभवाचे सार

प्रत्येक विद्यार्थ्याने रोजच्या निर्णयांची टिपणे ठेवली होती. त्यांवरून निघालेले बोध असे :

१. एका जाहिरातीत एकच कृती सांगावी.
२. माप संवादातून दोनदा यावे. त्या वेळी संगीत नसावे.
३. आरोग्यविषयक मजकूर वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावा.
४. ज्यांच्यासाठी संदेश आहे, त्यांना तो प्रसारणापूर्वी ऐकवावा आणि त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकावा.

यांतील चौथा बोध महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ साली पुणे केंद्राच्या नभोवाणी शेतकरी मंडळांच्या प्रयोगात पाच जिल्ह्यांतील १५० गावे सहभागी झाली होती. तेथे ग्रामस्थ कार्यक्रम ऐकून थांबत नसत. त्यावर चर्चा करून आपली मते व प्रश्न केंद्राकडे पाठवीत. श्रोता हाही बोलणारा असतो, ही जाणीव त्या प्रयोगामागे होती.

शाळा-महाविद्यालयांतून असे उपक्रम घेण्यास मोठ्या साधनांची गरज नाही. ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपकही त्यास पुरेसा आहे. दवंडीचा मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो प्रथम चार ग्रामस्थांना ऐकवावा आणि त्यांना काय समजले, ते शांतपणे ऐकून घ्यावे. त्या वस्तीवर प्रश्न विचारला गेला नसता, तर चुकीचे माप आमच्याच जाहिरातीने गावोगाव पोहोचविले असते.