डिस्कला अक्षराने ओळखू नकोस

बाळा, सोमवारपासून तू लोअर परळला सर्व्हर रूममध्ये कामाला जाणार. १९८२च्या गिरणी संपाआधी तुझे आजोबा तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. माझ्या पहिल्या सीनियरने मला जे कानात सांगितलं, ते आता तुला सांगतो.

एका डिस्कच्या सर्व्हरवर इन्स्टॉलेशन आपोआप चालवणं सोपं. चौदा डिस्क असल्या की खरी परीक्षा. लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, पण जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं अक्षर मिळतं. उद्या क्रम बदलू शकतो. आपल्या लालबागच्या चाळीत सकाळी ज्याचं दार पहिलं उघडेल ती खोली नंबर एक, असं कोणी म्हणतं का? खोलीचा नंबर चौकटीवर रंगवलेला असतो. तसा डिस्कचा सीरियल नंबर स्टिकरवर छापलेला असतो, आणि मशीनला तोच 'बाय-आयडी'खाली दिसतो.

ऐकलं होतं, तरी हे मी नुकसान करूनच शिकलो. दादरच्या एका ऑफिसात रात्री सर्व्हर नव्याने लावत होतो. इन्स्टॉलेशनच्या सूचना असलेल्या किकस्टार्ट फाइलमध्ये मी एसडीए लिहिलं होतं. दुपारी कंट्रोलर कार्ड बदललेलं, अक्षरं सरकली, आणि हिशेबाची डिस्क पुसली गेली. बॅकअप आठवड्यापूर्वीचा. अकाउंट्सच्या बाईंनी पुढे कित्येक दिवस पावत्या बघून हाताने नोंदी भरल्या. त्यांच्या टेबलावरचा तो गठ्ठा अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून पार्टिशन पडण्याआधी जी प्री स्क्रिप्ट चालते, तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. समज, ओएससाठी ४८० जीबीच्या दोन एसएसडी आहेत आणि डेटासाठी ८ टीबीच्या १२. स्क्रिप्टने मोजावं: ५०० जीबीच्या आतल्या डिस्क किती? लावलेला पेन ड्राइव्ह त्यातून वगळायचा. बरोबर दोन निघाल्या तरच पुढे. एक निघो की तीन, तिथेच थांबायचं आणि स्क्रीनवर कारण लिहायचं. 'नाहीतर पहिल्या दोन घे' अशी ओळ कितीही घाई असली तरी लिहू नकोस. निवडलेल्या दोन्हींची नावं किकस्टार्टमधल्या इग्नोअरडिस्कच्या ओन्ली-यूजला दे, म्हणजे बाकीच्या डिस्कना हात लागणार नाही. नुसतं सगळी पार्टिशन पुसणारं क्लियरपार्ट ऑल लिहिलंस, तर ते फायबर केबलने जोडलेल्या स्टोरेजलाही हात घालतं. ती केबल इन्स्टॉलेशन संपेपर्यंत काढूनच ठेव.

लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली डिस्क आणलीस, तर तिच्यावर जुन्या रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडल्याच्या, खुणा असू शकतात. सुरुवातीचे काही एमबी पुसून भागत नाही. काही खुणा डिस्कच्या शेवटाला लिहिलेल्या असतात, जीपीटीची, म्हणजे पार्टिशनच्या यादीची, दुसरी प्रतही तिथेच असते. त्या पुसायला वाइपएफएस 'ऑल' पर्यायासह चालव.

दोन डिस्कचा मिरर केलास की बूटचं पार्टिशन दोन्हींवर हवं. मशीन बंद करून एक डिस्क काढ, चालू होतं का बघ. ती परत बसवून मिरर पुन्हा भरू दे, मग दुसरी काढून बघ. आणि नेटवर्कवरून बूट करत असशील, तर काम झाल्यावर सर्व्हरला स्वतःच्या डिस्कवरून उठायला सांगणं विसरू नकोस; नाहीतर प्रत्येक रीबूटला इन्स्टॉलेशन पुन्हा सुरू होईल.

जाताना एक वही ने. डिस्क ट्रेमध्ये बसवण्याआधीच स्लॉट आणि सीरियल नंबर लिहून घे. आत गेली की स्टिकर दिसत नाही.