खळ्यावरचा वाटा

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. हा धानाचा मुलूख. पावसाने जोर धरला आणि पऱ्हे वाढले, की रोवणीची घाई उडते. एका घरच्या हातांनी ती वेळेत उरकणे कठीण. म्हणून पूर्वी शेजारी एकमेकांच्या बांधीत राबत. आज तुमची रोवणी, उद्या आमची. या देवघेवीचा कागद नसे. दिलेला शब्द हाच कागद.

लोहार वर्षभर फाळाला धार लावी; सुतार नांगर दुरुस्त करी. धान निघाले म्हणजे खळ्यावर त्यांचा वाटा काढीत. हक्काच्या माणसाला विन्मुख पाठविणे पाप मानीत.

परंतु या रीतीला दुसरी बाजूही होती. काम जन्मावरून ठरे आणि वाटा पुष्कळदा देणाऱ्याच्या मर्जीवर असे. ज्यांना अस्पृश्य मानले, त्यांच्या वाट्याला कष्ट आले, मान आला नाही. मुंबई इलाख्यातील महार वतनाची अशीच जाचक पद्धत बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली तेथील कायदेमंडळात विधेयक मांडले.

मुलांनो, शब्द पाळण्याची जुनी रीत जपावी. पण जिच्यात घेणाऱ्याची मान खाली जाते, ती देवघेव टाकून द्यावी.