पाणमोटीतील बाळ

शरीरात जीव आहे तोवर टाकाऊ द्रव्ये तयार होतच राहतात. मातेच्या उदरातील गर्भही याला अपवाद नाही. मग चहूबाजूंनी बंद असलेल्या पाणमोटीत वाढणारे बाळ ही द्रव्ये टाकते तरी कोठे?

यांपैकी खरी घातक द्रव्ये म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू आणि युरिया. ती नाळेवाटे वारेकडे जातात. नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. रोहिणीत शुद्ध रक्त असते, असे आपण सर्वसाधारणपणे शिकतो. नाळेत मात्र उलटा प्रकार आहे. तेथे रोहिण्या बाळाचे अशुद्ध रक्त वारेकडे नेतात आणि नीला शुद्ध रक्त परत आणते. वारेत माता व बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमध्ये पातळ पडदा असतो. त्यातून टाकाऊ द्रव्ये मातेच्या रक्तात उतरतात आणि तिची फुप्फुसे व मूत्रपिंडे त्यांची विल्हेवाट लावतात. गर्भवती दोन जिवांचे काम करते, ते असे.

मग बाळ लघवी करत नाही का? करते. सुमारे तिसऱ्या महिन्यापासून त्याची मूत्रपिंडे मूत्र तयार करू लागतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात पाणमोटीतील पाणी बहुतांशी बाळाचे मूत्रच असते आणि बाळ तेच पुनःपुन्हा गिळते. ऐकणाऱ्याला किळस वाटेल. परंतु युरियाचा निचरा मुख्यतः वारेतून होत असल्याने हे मूत्र अतिशय सौम्य असते. शिवाय या पाण्यावाचून फुप्फुसांची वाढ नीट होत नाही. बाळाची मूत्रपिंडे तयारच झाली नाहीत, तर पाणी आटते आणि फुप्फुसे खुंटतात.

मलाची गोष्ट वेगळी. गिळलेली लव, आतड्याच्या झडलेल्या पेशी व पित्त यांपासून बनलेला हिरवट-काळा, डांबरासारखा चिकट मल आतड्यात साठत जातो. त्याला मेकोनियम म्हणतात. बहुतेक बाळे तो जन्मानंतर २४ तासांत टाकतात. तसे झाले नाही, तर डॉक्टरांना सांगावे. पोट साफ व्हावे म्हणून नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल अनेक घरांत आहे. त्याची गरज नसते. उलट वर्षाच्या आतील बाळाला मध अपायकारक ठरू शकतो. आईचा चीक हेच बाळाचे सौम्य रेचक.

क्वचित, विशेषतः दिवस उलटून गेल्यावर किंवा प्राणवायू कमी पडल्यास, बाळ गर्भातच हा मल टाकते. तो श्वासाबरोबर फुप्फुसांत गेल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट दिसले, तर कळांची वाट न पाहता गर्भवतीला तत्काळ रुग्णालयात न्यावे.