मर्यादवेल लावायला खर्च किती?

पावसाळ्यात घरासमोरची वाळू सरकू लागली की किनाऱ्यालगतचे वाडीवाले आणि होमस्टेवाले आधी दगडी बांधाचा विचार करतात. भरतीरेषेच्या वर वाळूचं टेकाड अजून शिल्लक असेल, तर त्याआधी मर्यादवेलीचा हिशेब मांडून पाहा. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, सकाळी उमलून दुपारी मिटणारी गुलाबी-जांभळी फुलं. ही आपल्याच किनाऱ्याची बारमाही वेल. पेरापेराला मुळं धरते आणि वाऱ्यावर उडणारी वाळू अडवून टेकाड वाढवते.

रोपं विकत घेऊच नका. बी टणक, घासल्याशिवाय लवकर रुजत नाही. शेजाऱ्याला विचारून त्याच्या वेलीचे हात-दीड हात लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. दोन पेरं वाळूत, शेंडा बाहेर. सरकारी पुळणीवरची वेल मात्र उपटू नका.

३० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा धरू. मीटरभर अंतराने १५० खड्डे, प्रत्येकी दोन तुकडे. तोडणी-लावणीला तीन रोज. रोज ७०० रुपये धरला तर २,१०० रुपये. खरा पैसा जातो राखणीत. नव्या वेलीवरून माणसं, गुरं आणि हौशी पर्यटकांच्या गाड्या गेल्या की सगळी मेहनत वाया. दहा-बारा बांबू आणि वाडीतल्याच झावळ्यांची वई घाला. मजुरीसह तीनएक हजार धरा. ही झावळ्यांची आडही वाळू धरते. पुढच्या वर्षी तुटाळी भरायला आणखी एक रोज. एकूण सहा हजारांच्या आत काम होतं. भाव तुमच्या गावचे घालून पाहा.

मागची बाजू जूनमध्ये लावा, समुद्राकडची कड नारळी पौर्णिमेनंतर. उधाणात कोवळी वेल टिकत नाही. माडांच्या दाट सावलीतही ती नीट वाढत नाही. लाटा थेट घराच्या पायाशी पोचल्या असतील, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

हद्दीबाहेर काही करण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. वाळूची टेकाडं सीआरझेडच्या सर्वांत कडक संरक्षणात येतात. लॉनसाठी ती सपाट करणं बेकायदा आहे. आणि कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यांवर पावसाळा संपताच समुद्राकडे गेलेले शेंडे मागे वळवून घ्या, वाळूची मोकळी पट्टी त्यांना राहू द्या.